पेठेतली पोटं

"आणि ज्ञानू पैलवानाला? चारचौघांत, माझ्याच कट्ट्यावर, माझ्याच म्हशीजवळ उभं राहून तू त्याला इचारलीस, दूध पिल्यावर पोटात गॅस हुतो का म्हणून?"

सयाजीरावांचा हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारून झाला होता आणि दर वेळी त्यातली म्हैस थोडी थोडी जवळ येत होती. पहिल्या वेळी ती रस्त्याच्या पलीकडं होती.

"गॅस असं नाही विचारलं आबा," पूर्णिमा म्हणाली. "दूध प्यायल्यानंतर पोट फुगणे, गुरगुरणे किंवा वारा सरणे असा त्रास होतो का, असं विचारलं. कॉलेजच्या कमिटीनं मंजूर केलेला प्रश्न आहे तो."

"त्या कमिटीत आपल्या पेठेतलं कोण हाय?"

कोणी नव्हतं. सयाजीरावांनी मुद्दा जिंकल्यासारखा भाकरीचा तुकडा मोडला. राजवीर, पूर्णिमाचा थोरला भाऊ आणि वरच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, इतका हसत होता की त्याला आमटीचा ठसका लागला. धोंडूआत्ती, म्हणजे सयाजीरावांची थोरली बहीण, नेहमीसारखी भावाच्या बाजूनं होती. या घरातल्या प्रत्येक भांडणात ती सुरुवातीला भावाच्या बाजूनं असे आणि वारं कुठं वळतंय ते बघून मग जागा बदले. आई एवढंच म्हणाली की आधी जेवा, मग भांडा, भाकरी चामट होते.

राजवीरनं डोळे पुसत विचारलं, की मग ज्ञानू पैलवान काय म्हणाले. पैलवान नाही म्हणाले होते. मग हसले होते. मग अर्धा भरलेला पेला कठड्यावर ठेवून निघून गेले होते. खरं दुखणं ते होतं. ज्ञानू पैलवानांनी या कट्ट्यावर कधी पेला उष्टा टाकला नव्हता.

"उद्यापासनं त्या कागदांसकट कट्ट्याकडं फिरकायचं न्हाय," सयाजीराव म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

सयाजीरावांचा दूध कट्टा पेठेच्या कोपऱ्यावर होता. संध्याकाळी शिंगांना तेल लावलेल्या म्हशी रस्त्याकडेला येऊन उभ्या राहत, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढली जाई आणि फेसानं मिशा पांढऱ्या करून माणसं घरी जात. पेठेतला माणूस देव मानत नाही म्हणाला तर लोक त्याच्याशी वाद घालतील. दूध पचत नाही म्हणाला, तर त्याच्या पोराला मुलगी द्यायची की नाही यावर विचार करतील. आणि कट्ट्यावरचा पहिला पेला रोज सयाजीराव स्वतः घेत, उभ्यानं, एका दमात. तो बघूनच गिऱ्हाइकांना तहान लागायची.

अशा माणसाची मुलगी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि तिला डॉक्टरकीचं अक्षरशः खूळ लागलं होतं. भाकरी फिरवताना ती मनगटातल्या हाडांची नावं म्हणे. दुपारी झोपलेल्या राजवीरच्या बरगड्यांखाली बोटं खुपसून प्लीहा लागते का बघे आणि त्याच्या शिव्या खाई. स्टेथोस्कोप आणला त्या दिवशी तिनं घरातल्या प्रत्येकाची छाती ऐकली, मग गोठ्यात जाऊन म्हशीचं पोट ऐकलं, आणि तिथून ती बराच वेळ आली नाही. चार कप्प्यांच्या पोटातला तो गडगडाट तिला एखाद्या मोठ्या सभेसारखा वाटला होता. सकाळी कॉलेजला निघताना मोपेडवरून दोन घरच्या दुधाच्या किटल्या पोचवायचं काम तिच्याकडंच होतं. त्यामुळं वॉर्डात फिनेलच्या वासात तिच्या ॲप्रनला किंचित गोठ्याचा वास यायचा. मैत्रिणी नाक मुरडायच्या. खेड्यांवरून आलेले पेशंट मात्र तिच्याशीच आधी बोलायचे.

असाच एक कोवळा पैलवान वॉर्डात आला होता. महिनोन् महिने पोट दुखायचं. दुर्बीण घालून झाली, फोटो झाले, रक्त झालं, काही सापडेना. पूर्णिमानं त्याला सगळं विचारलं, त्यानं सगळं सांगितलं, फक्त रोजचं तांब्याभर दूध तेवढं सांगितलं नाही. ते त्याच्या आईनं जिन्यात गाठून सांगितलं. दूध बंद करतील आणि मग वस्तादांना तोंड कसं दाखवू, अशी पोराला धास्ती होती. पूर्णिमा त्या दिवशी घरी येईपर्यंत विचार करत होती. पेशंटची हकीकत नीट ऐकली की निम्मं निदान झालं, असं पुस्तकात लिहिलंय. पण आपल्या हकीकतीत प्रत्येक जण नायक असतो, आणि नायकाला गॅस होत नाही, हे पुस्तकात नाही.

विद्यार्थ्यांसाठी कॉलेजात छोटी संशोधनं असतात, तिथं तिनं हाच विषय घेतला. दुधात एक साखर असते. ती मोडायला आतड्यात एक रस लागतो. तान्हेपणी तो सगळ्यांपाशी असतो, मोठेपणी पुष्कळांचा आटतो. आजार नव्हे तो, केस पिकावेत तसंच. मग ती साखर तशीच आतड्यात राहते, आंबते आणि पोट वाजायला लागतं. आपल्या पेठेत असे किती, एवढंच तिला बघायचं होतं.

बायकांनी धडाधड उत्तरं दिली. पचत नाही, म्हणाल्या, आणि पचायला आमच्या वाटणीला येतंय कधी, तेही लिही. पुरुषांनी एकजात नाही म्हणून सांगितलं. फुगत नाही, गुरगुरत नाही, सरत नाही. तिच्या मार्गदर्शक जुलेखा मॅडम बारीक चणीच्या आणि तिखट जिभेच्या. कागद चाळून त्यांनी चष्मा काढला.

"पूर्णिमा, एक तर तुमच्या पेठेतल्या पुरुषांना आतडी नाहीत, नाहीतर तू खोटं गोळा करून आणलंयस. तोंडाला विचारून झालं. आता रक्ताला विचार."

रक्ताला विचारायची रीत सोपी होती. उपाशीपोटी यायचं, बोट टोचून साखर बघायची, दुधातली ती साखर पाण्यात कालवून प्यायची आणि दर अर्ध्या तासानं पुन्हा बोट टोचायचं. पचलं तर रक्तातली साखर चढते. नाही पचलं तर ती जागची हलत नाही. पण मॅडमनी जाता जाता एक अट घातली. रक्त एक सांगतंय आणि तोंड दुसरं, असलं काम त्या पुढं पाठवणार नव्हत्या. दोन्ही जुळलं पाहिजे, नाहीतर महिनाअखेर हे प्रोजेक्ट बंद.

पहिल्या रविवारी पूर्णिमा आणि तिची मैत्रीण रुबीना शाळेचा हॉल उघडून, टेबल मांडून, सुया लावून बसल्या. एक आजोबा आले. त्यांना वाटलं होतं डोळे तपासतायत.

रुबीना शाहूपुरीतली, व्यापाऱ्याची मुलगी. ती म्हणाली, माल चांगला आहे, गिऱ्हाईक नाही, बोर्ड बदल. पूर्णिमानं घरी येऊन ताट पुढं घेतलं आणि भातात टपटप आसवं गाळली. राजवीरला बहिणीचं रडणं सोसत नसे. तिनं त्याला चिमटे काढावेत, शिव्या द्याव्यात, त्याचं पोट दाबावं, पण रडू नये. तो तडक उठून फुटबॉलच्या मैदानावर गेला आणि खालच्या तालमीच्या कप्तानाला, सहज बोलावं तसं बोलला, की मेडिकल कॉलेजात शोध लागलाय म्हणे, खालच्या तालमीच्या पोरांना दूध पचत न्हाय.

दिवे लागायच्या आत सामना ठरला होता.

पुढच्या रविवारी पूर्णिमा हॉलवर पोचली तर गेटापासून गर्दी. दोन्ही तालमींचे संघ आपापल्या जर्सीत, कडकडीत उपाशी. मागं समर्थक, झेंडे, हलगी. कुणीतरी रातोरात बॅनर छापून आणला होता: 'दूध पचवणे – भव्य सामना'. खाली दोन्ही कप्तानांचे गॉगल लावलेले फोटो आणि मधोमध, आशीर्वाद देत असल्यासारखी, एक म्हैस.

रुबीनानं तो बॅनर बघितला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली, हसून हसून. जुलेखा मॅडम मुद्दाम बघायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, हे सगळे आपणहून आलेत ना, आणि मग त्याही तोंडावर रुमाल धरून खिडकीकडं वळल्या.

पूर्णिमा बाकावर चढली. हा सामना नाही, तिनं सांगितलं. यात हार-जीत नाही. दूध न पचणं हा कमीपणा नाही. निकाल गुप्त राहील, ज्याचा त्याला कळेल. पोटात कळ येऊ शकते, जुलाब होऊ शकतात, ज्याला नको असेल त्यानं आत्ताच घरी जावं, कुणी काही म्हणणार नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, बक्षीस समारंभाच्या पाहुण्यांना वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवल्या आणि शिट्टी कधी होणार ते विचारलं.

संमतीच्या कागदांवर सह्या झाल्या, बोटं टोचायला सुरुवात झाली आणि दारात सयाजीराव उभे राहिले. ते मुलीचा हात धरून तिला घरी न्यायला आले होते. पण गर्दी दुभंगली, खुर्ची पुढं आली आणि खालच्या तालमीचा कप्तान म्हणाला, "मालक आलं बघा. बसा सयाजीराव, तुमच्याच दुधाची इज्जत हाय."

पूर्णिमा जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "आबा, नको असेल तर नाही म्हणा. तुम्हाला तसा हक्क आहे."

सयाजीरावांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा गर्दीकडं. "न्हाय म्हणायचा हक्क पेठंत कुणाला असतोय," असं पुटपुटत त्यांनी बाही वर केली, खरं तर बोटच हवं होतं, आणि बसले. आपल्या बापाला आपण टोचायचं नाही म्हणून पूर्णिमानं त्यांना रुबीनाच्या टेबलाकडं पाठवलं. साखरपाण्याचा पेला आल्यावर ते उठून उभे राहिले आणि कट्ट्यावर पितात तसा एका दमात संपवला. जयघोष झाला.

पहिला अर्धा तास मजेत गेला. मग कुठूनतरी, लांब ढग वाजावा तशी, एक गुरगुर आली. सगळे एकमेकांकडं बघू लागले. सयाजीराव कडाडले, "ए हलगी, हात का थांबला रं? वाजव की."

हलगी कडकडली. जरा वेळानं ती थांबली तेव्हा वरच्या तालमीचा बॅक चटकन म्हणाला, वाजव. मग खालच्या तालमीचा कप्तान म्हणाला, वाजव. मग ज्ञानू पैलवान, जे नुसते बघायला म्हणून आले होते आणि कधी प्यायला बसले ते कुणाला कळलंही नव्हतं, खर्जात म्हणाले, बाबा, थांबू नगंस. हलगीवाल्याच्या बोटांना फोड यायची वेळ आली. पूर्णिमा टेबलाशी बसून सुई टोचत होती आणि आता कुणाचं पोट बोललं, हे तिला हलगीवरून कळत होतं.

शाळेला संडास एक. तिकडं कुणीच गेलं नाही. एकाला फोन आला. एकजण गाडी सावलीत लावायला गेला. एकाला एकाएकी आपल्या जुन्या वर्गाची आठवण आली आणि तो वर्ग नेमका संडासाच्या शेजारी होता. गडी निघायचे ताठ आणि परतायचे हलके होऊन. हॉलच्या दुसऱ्या टोकाला भिशीच्या बायका घेऊन धोंडूआत्ती बसली होती. तिकडं हलगी नव्हती. माझं वाजलं, तुझं वाजलं, ऐक ऐक, असं म्हणत त्या एकमेकींच्या पोटाला कान लावून खिदळत होत्या, आणि पूर्णिमाला वाटलं, सगळी पेठ या टोकाला येऊन बसली असती तर विज्ञान केवढं पुढं गेलं असतं.

शेवटी निकालाची मागणी झाली. पूर्णिमानं नकार दिला. गलका वाढला तेव्हा जुलेखा मॅडमनी माइक हातात घेतला आणि बर्फासारख्या आवाजात जाहीर केलं की सामना नव्हताच, म्हणून निकालही नाही. पंच फुटला, असं दोन्ही तालमी एकाच वेळी म्हणाल्या. कितीतरी वर्षांनी त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. त्या आनंदात दोन्ही तालमी मिळून हलगीवर नाचत घरी गेल्या.

त्यानंतरचे दिवस मात्र पूर्णिमाला जड गेले. तिनं एकेकाला बाजूला घेऊन ज्याचा त्याचा निकाल सांगितला. निम्म्याहून जास्त पुरुषांची साखर जागची हलली नव्हती. प्रत्येकाला तिनं पुन्हा विचारलं, त्या दिवशी काही त्रास झाला? कुणालाच झाला नव्हता. संडासातून बाहेर येताना जो तिच्यावरच आदळला होता तो म्हणाला, "छे, गाडी लावायला गेलतो." रक्त एक सांगत होतं, तोंड दुसरं. जुलेखा मॅडमनी तक्ता बघितला आणि शनिवारपर्यंत थांबते म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तिखटपणा नव्हता, त्यानंच पूर्णिमाला भीती वाटली.

घरी वेगळाच तगादा होता. भाऊ पास झाला का, एवढंच सांग, असं आत्ती दिवसातून चारदा विचारी. सांगता येत नाही, पेशंटची गोष्ट आहे, असं पूर्णिमा म्हणाली. त्यावर आत्तीनं गालावर हात ठेवला. "पेशंट? बाप हाय न्हवं तुझा?"

आबांचं काय ते राजवीरनं ओळखलं होतं की काय कोण जाणे. पण तो म्हणाला, एखादा वजनदार माणूस आधी बोलला पाहिजे बघ. एक फुटला की सगळी धरणं फुटतील. पूर्णिमाला ते कधीच कळलं होतं. असा माणूस तिच्या समोर बसून रोज जेवत होता. त्याचा आकडा तिला पाठ होता, आणि तो आकडा ती कुणाला सांगू शकत नव्हती, त्यालाही बोल म्हणून सांगू शकत नव्हती. कारण मग तो तिच्यासाठी बोलला असता, आणि कुणावर कसलाही दबाव नाही, असं जे संमतीच्या कागदावर तिनं स्वतः लिहिलं होतं त्याला काही अर्थ उरला नसता. सयाजीराव मात्र तिच्याकडं चोरट्या नजरेनं बघत राहिले. कट्ट्यावरचा पहिला पेला त्यांनी सोडला नव्हता, पण आता तो दोन दमांत संपायचा.

गुरुवारी संध्याकाळी कट्ट्याची वेळ व्हायच्या आधी ती गोठ्यात गेली. सगळ्यांना सांगितलं तसंच त्यांनाही सांगायचं राहिलं होतं. ते म्हशीच्या शिंगांना तेल लावत होते. ती ॲप्रन घालूनच गेली, आणि वॉर्डात बोलते तसं बोलली. तुम्हाला दुधातली साखर पचत नाही. काळजीचं कारण नाही. दही, ताक बहुतेक सोसेल. दूध कमी करा.

सयाजीराव शिंग चोळत राहिले. "कुणाला सांगितलीस?"

"कुणाला नाही."

"आईला?"

"नाही."

"तिला म्हाईतच हाय," ते म्हणाले. "रोज खिशात ओवा कोण घालतंय? लोकांना वाटतंय सुपारी खातोय."

पूर्णिमाला हसू आवरेना. मग त्यांनाही आवरेना. म्हशीनं मान वळवून दोघांकडं पाहिलं. हसणं ओसरल्यावर त्यांनी सांगितलं की मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांचं पोट वाजतंय. एकदा त्यांनी वडिलांना सांगून बघितलं होतं. वडील म्हणाले होते, तू प्यायचा थांबलास तर कट्टा कुणाच्या तोंडावर चालायचा? तेव्हापासून पितायत. धंद्यापायी पितायत, आणि रात्री कूस बदलत पडतायत.

"केस पिकले म्हणून लाज वाटते का आबा? हे तसंच आहे," ती म्हणाली. यावेळी ॲप्रन असूनही ती वॉर्डातली राहिली नव्हती. "आणि चपला शिवणारा काय सगळ्या चपला स्वतः घालून हिंडतो?"

तेलाची वाटी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुझं काय आडलंय? त्या मॅडम पुढं का धाडंनात?"

तिनं सांगितलं. रक्त एक सांगतंय, तोंड दुसरं. तुम्ही बोला, असं ती म्हणाली नाही. तिनं ओठ इतके घट्ट मिटले की ते दुखायला लागले. सयाजीरावांनी दावं सोडलं आणि म्हशी घेऊन ते कट्ट्याकडं निघून गेले.

रात्री जेवायला सगळे बसले. आईनं ताटं मांडली. आत्तीनं सवयीनं, झोपताना प्यायला म्हणून, सयाजीरावांच्या ताटाशेजारी दुधाचा पेला आणून ठेवला आणि आता तरी सांग गं, म्हणून पूर्णिमाकडं वळली. सयाजीरावांनी बसायच्या आधी तो पेला उचलला, राजवीरच्या ताटाशेजारी नेऊन ठेवला आणि उभ्या उभ्याच बोलले. आवाज चढला नव्हता, उतरलाही नव्हता. कडबा आणायचाय, हे ते ज्या आवाजात सांगत त्याच आवाजात ते बोलले.

"उद्यापासनं कट्ट्यावर मी ताक पिणार. सगळ्यांदेखत. का म्हणून इचारल त्याला सांगणार, दूध पचत न्हाय, पोट वाजतंय. आणि पूर्णिमा कागद घिऊन माझ्या शेजारीच हुबी ऱ्हाणार. वाढा आता."